डॉक्टर, किती झाले?

डॉक्टरला आकाशवाणीवर बोलावलं की विषय बहुधा ठरलेला असतो. पावसाळा आला की गॅस्ट्रो आणि डेंग्यू, दिवाळी झाली की मधुमेह, मार्च लागला की परीक्षा आणि डोकेदुखी. मी आज ज्यावर बोलणार आहे तो काही आजार नाही. पण त्याचं नाव काढलं की डॉक्टर आणि पेशंट, दोघांचाही रक्तदाब थोडा वाढतो. विषय आहे दवाखान्याचं बिल. ते हातानं लिहिण्याऐवजी कॉम्प्युटरवर केलं तर डॉक्टरचा काय फायदा, हे मला सांगायचं आहे. पैसे वाचतात हे खरंच. पण माझ्या मते तो फायदा दुसऱ्या नंबरचा.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात तीस-बत्तीस वर्षं प्रॅक्टिस करतो. खाली ओपीडी, वर पंधरा खाटांचं हॉस्पिटल. मेडिकल कॉलेजात आमच्याकडून दोनशे सहा हाडांची नावं पाठ करून घेतली, पण समोरच्या माणसाला फी कशी सांगावी हे कुणी शिकवलं नाही. त्यामुळे पेशंट उठता उठता विचारतो, ‘डॉक्टर, किती झाले?’ आणि डॉक्टर चिठ्ठीवर उगाच काहीतरी खरडत म्हणतात, ‘द्या बाहेर.’ बाहेर म्हणजे कंपाउंडरकडे. कंपाउंडर माणूस बघून आकडा सांगतो. चपला बघून म्हणा हवं तर. ओळखीचा असला तर कमी, ओळखीच्याच्या ओळखीचा असला तर थोडे जास्त, परगावचा असला तर पुरते. पैसे ड्रॉवरमध्ये जातात, पावती मागितली तरच मिळते.

या पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे. पण तिच्यात एक माणुसकीही होती, हे मान्य करायला हवं. सुगी येईपर्यंत थांबणारे डॉक्टर होते, भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन हिशेब मिटवणारे होते. उधारीची वही असायची आणि त्यातली निम्मी पानं कधीच वसूल व्हायची नाहीत. सरकारलाही लेखी नोंद हवीच होती. १९६२ च्या आयकर नियमांत डॉक्टरांसाठी खास ‘३ सी’ नावाचा एक नमुना दिलेला होता. रोजची तारीख, पेशंटचं नाव, काय उपचार केला, फी किती मिळाली आणि कधी मिळाली, असे त्याचे रकाने. पंचवीस रुपयांवरच्या प्रत्येक पावतीची कार्बन प्रत जपून ठेवावी, असंही त्यात होतं. ओपीडीत साठ माणसं बसलेली असताना हे रकाने रोजच्या रोज भरणारे डॉक्टर किती असतील, हे तुम्हीच ताडा.

ओपीडीचं एक वेळ सोडून देऊ. खरी ओढाताण होते ती भरती झालेल्या पेशंटच्या बिलाची. सर्पदंशाचा पेशंट घ्या. रात्री अकराला त्याला शेतातून उचलून आणतात, सोबत पंधरा माणसं. प्रतिविषाच्या आठ-दहा बाटल्या सुरुवातीलाच लागतात. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं थांबायचं आणि ते गोठतं का बघायचं. त्यावर पुढचं ठरतं. आता या दहा बाटल्यांपैकी चार आमच्या कपाटातल्या, सहा समोरच्या मेडिकलमधून पुतण्यानं पळत जाऊन आणलेल्या. पहाटे आणखी आणवल्या, त्यातल्या दोन लागल्या नाहीत, त्या कपाटात गेल्या. सलाईनचे सेट, सुया, कॅथेटर, ऑक्सिजनचे तास वेगळेच. तिसऱ्या दिवशी माणूस हसत घरी निघतो. आणि त्या दिवशी सकाळी बिल करायला बसलेला माणूस रात्रपाळीच्या सिस्टरला फोन करून विचारतो, ‘ताई, त्या मण्यार चावलेल्याला आपल्या किती बाटल्या गेल्या हो?’ ताई नुकत्याच झोपलेल्या असतात.

अशा बिलात एक तर डॉक्टर बुडतो, नाही तर पेशंट तीच बाटली दोनदा विकत घेतो. दोन्ही घडतं. आणि यातलं नेमकं काय घडलं, हे कुणालाच दाखवून देता येत नाही. नातेवाईक कॅश काउंटरशी तीन तास उभे असतात, त्यांच्या मनात संशय असतो, आणि आमच्याकडे त्या संशयाला द्यायला कागद नसतो.

कॉम्प्युटरवरचं बिलिंग नेमकं इथे काम करतं. त्यात जादू काही नाही. वॉर्डात सिस्टरच्या टेबलावर एक पडदा असतो. बाटली कपाटातून काढली की तिथल्या तिथे नोंद: कुठल्या खाटेसाठी, किती वाजता, कुणी काढली. तेवढी बाटली साठ्यातून वजा होते आणि त्या खाटेच्या बिलात चढते. परत आली तर उलटी नोंद. मेडिकलमधून नातेवाइकांनी आणली असेल तर ‘पेशंटची’ म्हणून वेगळी नोंद, बिलात शून्य. सुरुवातीला सिस्टर वैतागतात. माणूस मरायला टेकलाय आणि मी टायपिंग करू का, असं मला तोंडावर ऐकवलं गेलं आहे, आणि ते रास्तच होतं. तातडीच्या वेळी नोंद कागदाच्या चिटोऱ्यावर करायची आणि पेशंट स्थिरावला की अर्ध्या तासात चढवायची, अशी तोड आम्ही काढली. ती चालते.

यातून पुढे जी गोष्ट मिळते तिला मी सगळ्यांत जास्त किंमत देतो. रोज संध्याकाळी सहा वाजता प्रत्येक खाटेचं तोवरचं बिल छापून नातेवाइकांच्या हातात देता येतं. आज इतके झाले, आगाऊ भरलेले इतके, शिल्लक इतके. पूर्वी हा आकडा शेवटच्या दिवशी एकदम अंगावर यायचा. मग बायकोच्या पाटल्या सोनाराकडे, नाही तर बैल बाजारात. आता तिसऱ्या दिवशीच घरातला कर्ता माणूस येऊन म्हणतो, ‘डॉक्टर, आमची एवढीच ऐपत आहे, पुढं कसं करायचं?’ तेव्हा हातात वेळ असतो. सिव्हिल हॉस्पिटलला हलवता येतं का, सरकारी योजनेत बसतं का, डॉक्टरच्या फीमध्ये काही सोडता येतं का, हे शांतपणे बोलता येतं. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं, हेही तेव्हाच सांगायचं असतं. बिल झाल्यावर सांगून काय उपयोग?

हे करायला आधी एक कठीण काम उरकावं लागतं. सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी तुम्हाला दरांची यादी मागतं. साधं ड्रेसिंग किती, मोठं किती, टाके काढायचे किती, नेब्युलायझर, ईसीजी, प्लॅस्टर, खाटभाडं, रात्रीची व्हिजिट. माझ्या ओळखीच्या पाच-सहा डॉक्टरांना मी ही यंत्रणा बसवताना पाहिलं आहे. मशीन लावायला एक दिवस लागतो, माणसांना शिकवायला पंधरा दिवस, आणि या यादीला महिना-महिना. कारण ‘तुमची रात्रीची व्हिजिट किती?’ हा प्रश्न आजवर त्यांना कुणी सरळ विचारलेलाच नसतो. ‘त्या त्या वेळी बघून घेतो,’ हे उत्तर कॉम्प्युटरला चालत नाही.

खरं तर हे आमच्या आचारसंहितेत आहेच. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरनं आपली फी उपचार सुरू होण्याआधी सांगायची असते, नंतर नव्हे. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं आलं, रुग्णहक्कांची सनदही आली. पण भिंतीवरचं दरपत्रक आणि काउंटरवरचं बिल यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. यादी कॉम्प्युटरमध्ये गेली की तो संबंध जुळतो. भिंतीवर साडेतीनशे आणि बिलात पाचशे, असं मग होत नाही. केलंच, तर कुणी आणि कधी बदललं ते आत उमटलेलं राहतं.

कुणी म्हणेल, मग त्या माणुसकीचं काय? सवलत कशी द्यायची? सवलत देता येते. ‘सवलत’ असा एक रकाना असतो, आकडा टाकायचा आणि पुढे कारण टाकायचं. माझ्या एका सर्जन मित्राकडे वर्षाअखेरीला या रकान्याची बेरीज काढली. त्याची समजूत अशी की आपण गरिबांना पुष्कळ सोडतो. यादी निघाली तेव्हा ‘परिस्थिती बेताची’ या कारणाखाली जेवढी रक्कम होती, त्याहून जास्त ‘फोन आला होता’ या कारणाखाली होती. नगरसेवकाचा फोन, पतसंस्थेच्या चेअरमनचा फोन, मोठ्या मेव्हण्याचा फोन. हिशेब वहिनी बघतात. त्यांनी कागद वाचून फक्त ‘अस्सं’ एवढंच म्हटलं. पुढच्या वर्षापासून त्यानं गरिबांच्या सवलतीसाठी ठरावीक रक्कम वेगळी काढली आणि फोनवाल्यांना दरपत्रक दाखवायला सुरुवात केली. मशीननं त्याला कंजूष केलं नाही. आपलं औदार्य कुणाच्या वाट्याला जातंय, ते त्याला पहिल्यांदा दिसलं.

आणखी एक फायदा आहे, तो कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो. गावातल्या डॉक्टरला नाही म्हणणं फार जड जातं. ‘डॉक्टर, दोन दिवस वाढवून द्या, मेडिक्लेमला चोवीस तास लागतात.’ ‘मागच्या महिन्याची तारीख टाका, तेव्हा रजा होती.’ विचारणारा शाळेतला वर्गमित्र असतो, नाही तर घरमालक. पावतीपुस्तकात मागच्या तारखेची एखादी पावती मोकळी ठेवलेली असायची, हे उघड गुपित. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये बिलाचे क्रमांक ओळीनं पडतात, मधला क्रमांक वगळता येत नाही, आणि झालेलं बिल बदललं तर जुनं तसंच राहून शेजारी नवं दिसतं. आमचा काउंटरवरचा मुलगा शांतपणे सांगतो, ‘काका, कॉम्प्युटर घेत नाही.’ या चार शब्दांनी माझी निदान वीस भांडणं वाचवली असतील. काही डॉक्टर मात्र विक्रेत्याला पहिलाच प्रश्न विचारतात, ‘तारीख मागची टाकता येते ना?’ येत असेल तर ते सॉफ्टवेअर घेऊ नये, असं माझं मत आहे.

आता विम्याकडे येतो. कारण इथे डॉक्टरच्या बिलातल्या एका ओळीमुळे पेशंटचे पैसे अडकतात. आमच्या गावातल्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका घसरून पडल्या, मांडीच्या हाडाची मान मोडली. शहरातल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, उत्तम झालं. पैसे आधी भरले आणि नंतर विमा कंपनीकडे कागद पाठवले. तीनदा परत आले. पहिल्यांदा, ‘औषधे व इतर साहित्य’ या एकाच ओळीत मोठी रक्कम होती, तिचा तपशील नव्हता. दुसऱ्यांदा, हाडात बसवलेल्या सांध्याचं मूळ बिल नव्हतं. तिसऱ्यांदा, बिलाची तारीख आणि पावतीची तारीख जुळत नव्हती. प्रत्येक खेपेला मुलानं रजा काढायची, एसटीनं शहरात जायचं, काउंटरवर ताटकळायचं. पाच महिन्यांनी पैसे आले, तेही कापून. त्याच दाव्यात आमच्या दवाखान्याची नंतरच्या ड्रेसिंगची आणि तपासण्यांची किरकोळ बिलं होती, कारण पुष्कळ पॉलिसींमध्ये भरतीआधीच्या तीस आणि नंतरच्या साठ दिवसांचा संबंधित खर्चही मिळतो. ती एका खेपेत मंजूर झाली. त्यात आमचं कर्तृत्व फारसं नव्हतं. प्रत्येक बिलाला क्रमांक होता, तारीख होती, नोंदणी क्रमांक होता, बाब आणि दर स्वतंत्र ओळीत होते, आणि आजाराचा कोड होता.

हा कोड म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं जगातल्या सगळ्या आजारांना क्रमांक दिले आहेत. त्याला आयसीडी म्हणतात. आपल्याकडे दाव्यांमध्ये दिसते ती बहुतेक दहावी आवृत्ती. अकरावी जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. टायफॉईड म्हणजे ‘ए ०१.०’, मांडीच्या हाडाची मान मोडणं म्हणजे ‘एस ७२.०’. डॉक्टरचं अक्षर कसंही असो, त्यानं लघुरूप काहीही वापरलेलं असो, तिकडे मुंबईत किंवा चेन्नईत बसलेल्या माणसाला तोच आजार कळतो. हे हजारो कोड पाठ करणं कुणालाच शक्य नाही. पडद्यावर आजाराची पहिली तीन-चार अक्षरं टाइप केली की यादी समोर येते.

कॅशलेसमध्ये तर पेशंट आणि विमा कंपनी यांच्यामध्ये ‘टीपीए’ नावाची मध्यस्थ संस्था असते. विमा नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ‘इर्डा’नं, मे २०२४ मध्ये परिपत्रक काढून कंपन्यांना मुदत घालून दिली. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय, आणि हॉस्पिटलनं डिस्चार्जची विनंती पाठवल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी. उशिरामुळे हॉस्पिटलनं जादा पैसे लावले तर ते कंपनीनं आपल्या भागधारकांच्या निधीतून सोसायचे. हे उत्तमच झालं. पण श्रोतेहो, ते घड्याळ सुरू होतं हॉस्पिटलचे कागद गेल्यावर. अंतिम बिल जुळवायलाच दुपार झाली तर त्या तीन तासांचा काय उपयोग? पेशंट कपडे घालून, पिशवी भरून खाटेवर बसून असतो आणि खालच्या मजल्यावर बेरजा चाललेल्या असतात. रोजचं रोज चढवलेलं बिल असेल तर सकाळच्या राउंडनंतर अर्ध्या तासात कागद जातात.

यात डॉक्टरचाही जीव अडकलेला असतो. कॅशलेसचे पैसे आम्हाला नंतर मिळतात. तोवर सिस्टरांचे पगार एक तारखेला, औषधांच्या डिस्ट्रिब्यूटरचं बिल महिन्याला, विजेचं बिल आहेच. चाळीस दावे पाठवलेत, त्यातले किती मंजूर झाले, किती शंका काढून परत आले, कुणी किती कापले, टीडीएस किती गेला, हे वहीत शोधायचं म्हणजे रविवारची सुट्टी गेली. पडद्यावर ती यादी एका क्षणात समोर येते, आणि साठ दिवस उलटलेले दावे लाल दिसतात. लहान हॉस्पिटलं कॅशलेस नको म्हणतात त्याचं एक मोठं कारण हे अडकणारे पैसे आहेत. त्यांनी नको म्हटलं की तालुक्यातल्या पेशंटनं अपेंडिक्ससाठीसुद्धा शहर गाठायचं.

आपल्या राज्याच्या योजनेत तर सुरुवातीपासूनच सगळं ऑनलाइन आहे. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पुढे राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव मिळालं. आरोग्यमित्र कागद तपासतो, पूर्वपरवानगी कॉम्प्युटरवरून जाते, फोटो आणि रिपोर्ट कॉम्प्युटरवरूनच चढतात. ज्या हॉस्पिटलांना ही शिस्त आधीपासून होती ती यात सहज सामावली. दरांबद्दल डॉक्टरांच्या तक्रारी आहेत आणि त्यातल्या काही बरोबर आहेत, पण तो आजचा विषय नाही.

करोनाच्या काळात मात्र या सगळ्याची कसोटी लागली. मे २०२० मध्ये राज्य सरकारनं अधिसूचना काढून खासगी हॉस्पिटलांचे दर बांधून दिले. विलगीकरणाच्या वॉर्डात दिवसाला ४ हजार, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभागात साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह ९ हजार. पीपीई किट, काही महागडी औषधं आणि तपासण्या त्याबाहेर. बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले. लोकांची मनं तेव्हा किती होरपळलेली होती, आठवा. माणूस आत एकटा, भेट नाही, मुखदर्शन नाही, आणि बाहेर येतं ते फक्त बिल. पीपीई किटच्या एका ओळीवरून रणं माजली. एकाच वॉर्डातल्या दहा पेशंटना मिळून एक सिस्टर एकच किट घालून वावरते, मग प्रत्येकाला पूर्ण किट का लावलं? प्रश्न बिनतोड होता. ज्या हॉस्पिटलांनी त्या दिवशी किती किट उघडली आणि किती पेशंट होते हे नोंदवलेलं होतं, त्यांनी भागाकार करून दाखवला आणि लेखापरीक्षक अर्ध्या तासात सही करून गेले. ज्यांच्याकडे नोंद नव्हती, त्यांतले काही लुटारू होते आणि काही बिचारे दिवसरात्र राबून हिशेब ठेवायला विसरलेले होते. बाहेरून दोघं सारखेच दिसले. वर्तमानपत्रात दोघांचीही नावं सारख्याच टाइपात आली. प्रामाणिक डॉक्टरला नोंदीची गरज लबाड डॉक्टरपेक्षा जास्त असते, हे मला त्या दोन वर्षांत पटलं.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांबद्दलही लोक विचारतात. त्यासाठी राज्यात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून आम्ही ग्राहक संरक्षण कायद्याखालीही येतो. दोन्हीकडे, पोलिस ठाण्यात काय आणि ग्राहक मंचात काय, वेळेसकट केलेली नोंद बोलते. हल्ला मात्र कागदानं थांबत नाही. तेवढा भाबडा मी नाही.

पैशांच्या बाजूचं पटकन सांगतो. यूपीआय आल्यापासून, म्हणजे २०१६ नंतर, सुट्ट्या पैशांची कटकट गेली. पण खात्यात आलेले शंभर व्यवहार कुणाचे, हे संध्याकाळी जुळवणं ही नवी कटकट आली. बिलाबरोबरच त्या रकमेचा क्यूआर कोड पडद्यावर आला आणि पैसे त्या बिलाशी आपोआप जोडले गेले की ती जाते. नाही तर ‘पैसे गेले’ असा कुठला तरी जुना फोटो दाखवून निघून जाणारेही भेटतात. करातही याचा उपयोग आहे. अंदाजित उत्पन्नाच्या सोप्या पद्धतीसाठी डॉक्टरची वार्षिक जमा ५० लाखांच्या आत हवी, अशी मर्यादा होती. २०२३ मध्ये रोख जमा पाच टक्क्यांहून जास्त नसेल तर ती ७५ लाख केली गेली. पेशंटलाही फायदा आहे. आरोग्यविमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या औषधोपचाराच्या खर्चावर २०१८ पासून ५० हजारांपर्यंत वजावट ठेवलेली आहे, जुन्या करपद्धतीत. पण तो खर्च रोखीनं केलेला नको. आमच्याकडचे पेन्शनर मार्च अखेरीला वर्षभराची बिलं मागायला येतात. पूर्वी ते आले की कंपाउंडर मागच्या दारानं निघून जायचा. आता नाव टाकलं की सगळी बिलं निघतात.

आता धोके. बिलावर माणसाचं नाव असतं आणि आजारही असतो. गर्भपात, मानसिक आजार, एचआयव्ही, हे सगळं त्या पडद्यावर आहे, आणि पुष्कळ दवाखान्यांत पासवर्ड त्याच पडद्यावर चिठ्ठी लावून चिकटवलेला असतो. बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना एक आकडा चुकला की ते गावभर. विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. लहान दवाखान्यांनीही ते वाचून ठेवावेत. दिल्लीच्या ‘एम्स’वर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हा सर्व्हर बंद पडून कित्येक दिवस सगळं काम हातानं करावं लागलं. एवढ्या मोठ्या संस्थेची ती गत, तर आपली काय? म्हणून रोजची एक प्रत दवाखान्याबाहेर ठेवावी, आणि पावतीपुस्तक फेकून देऊ नये. आमच्याकडे ते कपाटात आहे. वळवाच्या पावसात दोन दिवस लाइट नसते तेव्हा इन्व्हर्टरही मान टाकतो.

आणि सॉफ्टवेअर घेताना एक गोष्ट लेखी घ्यावी, की उद्या दुसरीकडे गेलो तर माझ्या पेशंटची सगळी माहिती वाचता येईल अशा रूपात मला परत मिळेल. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी ते जोडता येतं का, हेही विचारावं. त्यातला चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक पुष्कळांनी काढलेला आहे, पण दवाखान्यात तो कुणी विचारत नाही. सगळ्या विमा कंपन्यांकडे एकाच साच्यातून दावे जावेत, अशीही व्यवस्था सरकारनं उभी केली आहे. आज प्रत्येक कंपनीचं संकेतस्थळ वेगळं, प्रत्येकाचा अर्ज वेगळा, आणि आमच्या काउंटरवरच्या मुलाच्या वहीत अकरा पासवर्ड.

राहता राहिली भाषा. ही सॉफ्टवेअरं इंग्रजीत बिल देतात. ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणजे काय, हे वाचून डॉक्टरांच्या घरच्यांनाही कळत नाही. आम्ही विक्रेत्याच्या मागे लागून विमा कंपनीसाठी इंग्रजी आणि घरच्यांसाठी मराठी, अशी दोन रूपं करून घेतली. खाटभाडं, मलमपट्टी, सलाईन, सुया-नळ्या, डॉक्टरांची फी, सिस्टरांची सेवा. गेल्या महिन्यात एका आजोबांनी आपल्या बायकोचं बिल काउंटरवर उभ्या उभ्या बोटानं ओळ न् ओळ वाचलं. मागे आठ माणसांची रांग. मग त्यांनी विचारलं, ‘मंगळवारी रात्री हिला सलाईन नव्हतं लावलेलं, मी जागा होतो. इथं लावलंय.’ मुलानं नोंद उघडली. रात्री दोन वाजून दहा मिनिटं, लावणाऱ्या सिस्टरचं नाव. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘मग तेवढ्यात माझा डोळा लागला असंल.’ आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.